हळदीच्या ढिगाभोवती स्पॅनिश

बाबा जहाज सोडून कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्या पेटीत माझ्यासाठी काहीच नव्हतं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. माझ्यासाठी एक जर्सी होती. निळी, गळ्याला पांढरी पट्टी, कापड असं की वसमतच्या बाजारात तसलं कुणी पाहिलेलं नव्हतं. फक्त ती मला झबल्यासारखी झाली. बाह्या बोटांच्या खाली, खालचा काठ मांडीवर. कुठल्याशा बंदरावरच्या दुकानात उभं राहून बाबांनी आपल्या पोराची उंची अंदाजानं ठरवली असणार, आणि अंदाज चुकला. आई म्हणाली, "वाढंल की. पुढच्या साली येईल बराबर." तेवढ्यात नंदा सहज म्हणाली, "पाहू बरं," आणि तिनं ती अंगात घातली. तिला ती शिवून घेतल्यासारखी बसली. बाबा खुश होऊन हसले आणि म्हणाले, "घे मग तूच. संज्याला दुसरी आणू." आता जहाजच सुटलं होतं तर दुसरी कुठून आणणार होते, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी तेव्हापासूनच न विचारणारा माणूस आहे, आणि ज्या गोष्टी विचारल्या नाहीत त्या सगळ्या माझ्याजवळ जमा आहेत.

नंदा म्हणजे माझी चुलत बहीण, आबांची मुलगी. आबा हे बाबांचे थोरले भाऊ, सेनगावच्या पलीकडं आमच्या मूळ गावी शेती बघायचे. गावात दहावीपुढं शाळा नव्हती म्हणून अकरावीला नंदाला आमच्याकडं वसमतला ठेवलं. ती आली आणि पाठोपाठ बाबा आले. बाबा म्हणजे माझ्या लेखी तोपर्यंत साबणाचा एक वास होता, जो कधीतरी घरात यायचा, थोडे दिवस राहायचा आणि निघून जायचा. तरुणपणी मुंबईला मावसभावाकडं गेले ते गोदीतून जहाजावर चढले, भंडारी म्हणून, म्हणजे स्वयंपाकी. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर आम्ही दोन पोरं त्यांना सारखीच नवी होतो. दोघांनाही त्यांनी वाढताना पाहिलेलं नव्हतं. हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की बाप माझा आहे, वाट मी पाहिली आहे, आणि ही पोरगी मधेच येऊन बसली आहे.

आमचं घर हळदीवर चालायचं. शेत नव्हतं, पण बाजाराला लागूनच राहत होतो आणि आई व्यापाऱ्याकडची हळद निवडायला घरी आणायची. उन्हाळ्याच्या तोंडाला हळद शिजायची तेव्हा सगळ्या गावावर तिचा ओला, मातकट वास धरून राहायचा. मग वाळवण, मग पॉलिशचे लोखंडी ढोल. ते ढोल फिरायला लागले की खडखड अशी चालायची की घरात माणसं नकळत मोठ्यानं बोलायची, आणि ढोल थांबला की आपलाच आवाज ऐकून दचकायची. पॉलिश झालेली हळद अंगणात ताडपत्रीवर ओतायची आणि भोवती बसून निवडायची. लांब हळकुंडं एकीकडं, गोल गड्डे दुसरीकडं, मोडकं-किडकं तिसरीकडं. शेजारची गयाबाई आणि तिची सून या कामाला आईच्या जोडीला असत. गयाबाईच्या तोंडाला कुलूप नव्हतं. बाबा आल्यावर तर तिला रोजचा विषय मिळाला, कारण बाबा स्वयंपाक करायचे.

भाकरी आईच थापायची, तिथं तिनं त्यांना येऊ दिलं नाही. पण चुलीवरचं बाकी सगळं त्यांनी हळूहळू ताब्यात घेतलं. बटाट्याच्या चकत्या आणि अंडी एकत्र करून कढईत पोळ्यासारखं जाड काहीतरी करायचे आणि ताटलीवर उलटवून परत कढईत टाकायचे. ते उलटवणं पाहायला गयाबाईची सून भिंतीवरून वाकायची. कधी मोठ्या परातीत भात करायचे, पिवळा. म्हणायचे, तिकडं यात केशर घालतात, आपल्याकडं हळदीला काय तोटा. आम्ही अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर वाढलेली पोरं, तो भात पहिल्यांदा मला बेचव लागला. नंदानं दोनदा घेतला. तिचं पाहून मीही परत मागितला, तर भात संपला होता.

कणीक मळताना बाबा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचे. आम्हाला वाटायचं गाणं असेल. नंदानं एक दिवस सरळ विचारलं, "काका, हे काय म्हणून राहिले तुमी?" मी ते विचारलं असतं तर, असं मी किती वेळा मनात घोळवलं आहे. माझ्याही जिभेवर तो प्रश्न होता. तिनं विचारला.

बाबा म्हणाले, "आब्लार. आब्लार म्हंजे बोलणे. आमचा बडा भंडारी स्पेनचा व्हता. त्याला आपलं येत नव्हतं, आपल्याला त्याचं. मंग त्यानं कांदे सोलता सोलता शिकवलं." आणि त्यांनी कणकेचे हात तसेच धरून म्हणून दाखवलं: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही बोलतो, तुम्ही बोलता, ते बोलतात. त्यात पाढ्यासारखा ठेका होता. नंदानं लगेच मागोमाग म्हटलं. एका ठिकाणी अडखळली, परत म्हटलं, जमलं. बाबांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. एवढी वर्षं ती भाषा त्यांच्या पोटात नुसती पडून होती आणि वसमतमध्ये तिला कुणी उत्तर दिलं होतं.

जहाजावर ते सगळे कांद्याच्या पोत्याभोवती गोल बसत आणि एकेकाकडं एकेक रूप दिलेलं असे. बड्या भंडाऱ्यानं क्रियापद फेकलं की आपापलं रूप म्हणायचं, गोल फिरून आलं की दुसरं क्रियापद. हात थांबवायचा नाही. बाबांनी तीच पद्धत आमच्या हळदीला लावली. ढीग मधे, आम्ही भोवती. 'मी' नंदाला दिलं, ती पहिल्या दिवसापासून शेजारी बसत होती म्हणून. 'तू' आईला. 'तो' गयाबाईला. गयाबाई म्हणाली, "मी 'तो' व्हय? बरं झालं, आता मिशा तेवढ्या काढा भाऊ कोळशानं." 'आम्ही' बाबांनी स्वतःकडं ठेवलं. 'तुम्ही' गयाबाईच्या सुनेला, ती सासूसमोर लाजत पुटपुटायची. राहिलं 'ते'. मी त्या पहिल्या दिवशी मुद्दाम उशिरा आलो होतो, क्रिकेट खेळून, कुणीतरी विचारावं म्हणून. कुणी विचारलं नाही. दाराजवळ कडेला जागा होती तिथं बसलो आणि बाबा म्हणाले, "संज्या, तू 'ते'. ते लोक. तिकडचे." सगळे हसले. बाबांच्या मनात काहीच नव्हतं, मी बसलोच होतो कडेला. पण त्या वयात मी ते शब्द उचलून घरी नेल्यासारखे जपले, आणि घर तर तेच होतं.

रीत अगदी सोपी होती. क्रियापदाचं शेवटचं 'आर' मोडून टाकायचं, मधलं तसंच ठेवायचं आणि सहा जणांची सहा शेपटं लावायची. बाबा हळकुंडाचं टोक मोडून दाखवायचे. "हे मोडलं. आता याला नवं लावायचं." आई म्हणायची, "मोडलेल्या हळदीला कुणी शेपूट लावतं व्हय? व्यापारी घेईल का?" एकदा एक जमलं की त्या घराण्यातलं कुठलंही क्रियापद चालायचं. काम करणे, त्राबाहार: त्राबाहो, त्राबाहास, त्राबाहा. ते आईला फार आवडायचं, म्हणायची हे आपल्या घरचं दिसतंय. गाणे, कांतार. ते पहिल्यांदा फिरलं तेव्हा गयाबाईच्या वाट्याला 'कांता' आलं आणि तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "ही कोण हो भाऊ, कांता? तिकडची का?" बाबा लाल झाले. आई मान वर न करता म्हणाली, "असंल. मला कुठं पत्ता दिला तिचा." मग कितीतरी दिवस भाजीत मीठ जास्त पडलं की आई म्हणायची, "कांताला विचारा जाऊन." असं ते दिवस हसत गेले. मी हे लिहितानाही हसतो आहे. पण मी तेव्हा हसत नव्हतो, हे लिहायला बसलो आहे ते त्यासाठी.

मी एकटा शिकत होतो. शाळेला जाताना, आंघोळीला, भिंतीकडं तोंड करून झोपल्यावर. कुणालाही न सांगता मी सगळी रूपं पाठ केली, माझं एकट्याचं नाही, सहाही जणांची. बाबा कणीक मळताना नवीन शब्द पुटपुटले की मी दाराआड उभा राहून तो उचलायचो. मला खात्री आहे की त्या उन्हाळ्यात मला नंदापेक्षा जास्त येत होतं. माझ्या मनात एक दिवस ठरलेला होता, ज्या दिवशी मी उठून सगळं एका दमात म्हणेन आणि बाबा माझ्याकडं तसं बघतील, कणकेचे हात धरून बघितलं होतं तसं. एका संध्याकाळी ढोल बंद झाले होते आणि बाबांनी नवं क्रियापद फेकलं. बाइलार, नाचणे. नंदा क्षणभर थांबली. मी दाराजवळून सुरू केलं आणि सहाच्या सहा म्हणून टाकली, एकही न चुकता. बाबांनी मान हलवली. म्हणाले, "बराबर हाय. पण घाई करू नको रे. तिचं तिला म्हणू दे." आणि नंदाकडं वळले, "म्हण तू."

एवढंच. एवढ्यासाठी माणूस काय करू शकतो हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मीही विश्वास ठेवला नसता.

बारावीनंतर नंदाला पुण्याला पाठवायचं बाबांनी ठरवलं. परदेशी भाषांचे वर्ग असतात, कुणा जहाजावरच्या दोस्ताची बहीण तिथं राहते, तिच्याकडं सोय होईल. ते आईला हे सांगत होते आणि मी बाजूला भाकरी खात होतो. आई म्हणाली, "अन् संज्याचं?" बाबा म्हणाले, "त्याचं काय, तो आपला इथंच हाय." त्यांना वाटलं असेल ही माझ्यावरच्या भरवशाची गोष्ट आहे. मी ताट सरकवून उठलो.

पण आबांचं वेगळं चाललं होतं. त्यांनी नंदासाठी पाहुणे ठरवले. मुलगा हिंगोलीजवळच्या गावचा, शाळेत मास्तर, घरी थोडी शेती. आबांपुढं बाबा कधी बोलले नाहीत. बाबा समुद्रावर असताना आमच्या घराकडं आबांनी पाहिलं होतं. आई एकदा गावी गेली असताना आजारी पडली तेव्हा बैलगाडी जुंपून दवाखान्यात त्यांनी नेलं होतं. त्या माणसाला नाही कसं म्हणणार? आबांचा निरोप आला की पाहुणे परस्पर वसमतलाच येतील, पोरगी तिथं आहे, दाखवून द्या. नंदा दोन दिवस जेवली नाही. मग बाबांनीच तो मार्ग काढला. आमच्याकडं बघायला आलेले लोक पोरीला प्रश्न विचारतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाव काय, शिक्षण काय, काही वाचून दाखव, एखादं गाणं म्हण. बाबा म्हणाले, "गाणं म्हण म्हणले की तू आब्लार म्हणायचं. उभ्यानं. ते झालं की त्राबाहार. थांबायचंच न्हाई. पाव्हण्याला वाटलं पायजे पोरगीच्या डोक्यावर परिणाम झाला. आपोआप उठतील. आबाला काय सांगणार? पोरगी दाखवली, त्यांना पसंत पडली न्हाई."

आई म्हणाली, "असलं नाटक!" पण तिचेही ओठ हलत होते. नंदा इतक्या दिवसांनी हसली. माझ्याकडं वळून म्हणाली, "संज्या, तू त्या वक्ताला माझ्याकडं पाहू नको बरं. हसलास तर मी फसले." तिनं मला त्यात धरलं होतं. एवढ्या भरवशानं कुणी मला कशातच धरलं नव्हतं.

पाहुण्यांना आणायला ष्टँडवर मला पाठवलं. मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. 'जयभीम' झालं, मी हातातली पिशवी घेतली. मामा बोलघेवडा होता, म्हणाला, घसा कोरडा पडला, आधी चहा मारू. टपरीवर उभ्या उभ्या त्यानं विचारलं, "काय रे, बहीण कशी हाय तुझी? खरं सांग. घरचे लोक तर चांगलंच सांगतेत." मी खरं सांगितलं. म्हणालो, "लई हुशार हाय. कॉलेजात पहिली येती. आमचे बाबा जहाजावर व्हते, त्यांनी तिला स्पॅनिश भाषा शिकवली. पुस्तक न पाहता म्हणती." मामाचा कप ओठाशीच थांबला. "परदेशची भाषा?" "व्हय. तुमी विचारा तिला. लाजंल, उभी राहून घडाघडा म्हणंल, तशीच रीत असते तिकडची. पण विचाराच. लोक त्या भाषेसाठी पुण्यामुंबईला जातेत." मुलाची आई माझ्याकडं बघून म्हणाली, "भावाला किती कौतुक हाय बहिणीचं." आणि तिनं माझ्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला.

मी एकही शब्द खोटा बोललो नाही. नंतर कितीतरी वर्षं मी या एका वाक्याला टेकून उभा होतो. नंदाबद्दल मी आयुष्यात केलेली ती एकमेव तारीफ, आणि ती तिला घरातून काढण्यासाठी केली.

घरी पोहे झाले, चहा झाला. नंदा साडी नेसून खाली मान घालून बसली होती. नाव, शिक्षण झालं. मामा 'गाणं म्हण' म्हणेल याची ती वाट पाहत होती, बाबाही वाट पाहत होते, खांबाला टेकून, ओठ दाबून. मामा म्हणाला, "बाई, गाणं-बिणं राहू दे. तुला ती स्पॅनिश का काय येती म्हणं. म्हणून दाखव बरं तेवढं." नंदाची मान झटक्यात वर आली. तिनं बाबांकडं पाहिलं. बाबांनाही काही कळेना, पण आता दुसरं काही करायला वेळ नव्हता, त्यांनी डोळ्यानंच म्हण म्हटलं. ती उठली आणि सुरू झाली. आब्लो, आब्लास, आब्ला. ठरल्याप्रमाणे जोरात, हात हलवत, डोळे मोठे करून. मामानं मांडीवर ठेका धरला. "वा! वा!" त्राबाहारला मुलगासुद्धा वर बघायला लागला. नंदाचा आवाज मधेच बारीक झाला, पण ती थांबली नाही, थांबायचं नाही असं ठरलं होतं. संपल्यावर मुलाची आई उठून तिच्याजवळ गेली, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "परत एकदा म्हण ग माय. माझ्या नातवाईला असंच शिकीव." मामा म्हणाला, "आता कशाला लांबवायचं? साखर आणा. आबाला निरोप मी देतो."

मी नंदाकडं पाहिलं नाही. तिनंच सांगितलं होतं पाहू नको म्हणून.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. माणसं वाईट नव्हती, दाजीही नव्हते, हे सांगायला हवं. म्हणजे मला कुणी माफ करावं म्हणून नाही, तर तसं होतं म्हणून. फक्त पुणे राहिलं. बारावीचा निकाल लागला तेव्हा ती सासरी जनावरांना पाणी पाजत होती. आणि आमच्या अंगणात हळद यायची तशी येत राहिली, बायका बसायच्या, निवडायच्या, पण बाबांनी परत कधी क्रियापद फेकलं नाही. गयाबाईनं एकदोनदा छेडलं, "भाऊ, कांता बोलंना झाली का?" ते उठून गेले. मला वाटलं होतं आता बाबा माझे. मी एकदा, धीर करून, ते कणीक मळत असताना म्हणालो, "बाबा, मला शिकवा ना. मला थोडं येतं." ते म्हणाले, "ते राहू दे रे. त्या थट्टेनं पोरीचं वाटोळं केलं." 'माझ्या थट्टेनं' असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांना तेच म्हणायचं होतं. मी तिथं बोलायला हवं होतं. मी पाण्याची बादली उचलून बाहेर गेलो.

त्यानंतर बाबा नंदाच्या घरी कधी गेले नाहीत. बारशाला आईला पाठवलं. दाजींनी नवं घर बांधलं, बोलावणं आलं, त्यांचे गुडघे दुखायला लागले. आबा वारले तेव्हा बाबा नंदाला भेटले ते तिच्या माहेरच्या ओट्यावर, दहा माणसांत. मी औंढ्याला शाळेत लागलो, लग्न केलं, आईबाबांना सांभाळतो, गावात लोक म्हणतात मुलगा असावा तर असा. ते ऐकलं की मी विषय बदलतो. बायकोला वाटतं मी लाजाळू आहे.

यंदा थंडीत बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून नंदा भेटायला आली. पोरानं गाडीतून आणून सोडलं. ती आता गावात अंगणवाडी चालवते, केस पिकलेत, आवाज खणखणीत झाला आहे. दुपारी बाबा आत झोपले होते आणि आम्ही दोघं ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. बोलायला काही निमित्त नव्हतं. मी शेंगांकडं बघत सांगून टाकलं. ष्टँड, चहा, मामा, विचाराच म्हणालो ते, सगळं.

ती सोलत राहिली. म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"लग्न झाल्या झाल्या. हे म्हणले, तुमचा भाऊ लई तारीफ करत व्हता तुमची ष्टँडवर. त्याच वक्ताला कळलं."

"मंग बोललीस काहून न्हाईस?"

"काय बोलू? खोटं सांगितलं असतंस तर येऊन झोडपलं असतं तुला. खरंच सांगितलं व्हतंस." मग पुढची शेंग उचलत, "मी आधी लई रडले. तुला शिव्या घातल्या. तुझ्या नावानं म्हशीला बदडलं एकदा. मंग लेकरं झाली, काम वाढलं. पण संज्या, मला एक सांग. जळत व्हतास का माझ्यावर?"

"व्हय."

"येड्या," ती म्हणाली, "मला वाटायचं तुला आवडतच न्हाई ते. तू दाराजवळ तोंड पाडून बसायचास." मग तिनं हातातली शेंग टाकली आणि तिचा आवाज बदलला. "मला सांगून काय करायलास पण? मला तर ठावंच व्हतं. काकाला सांगितलंस का? ते बुढं इतक्या सालाचं समजून राहिलं की त्याच्या नाटकानं झालं. माझ्या दारात पाय ठेवत न्हाई. मी बोलवून बोलवून थकले. मी कसं सांगू त्याला? तुझं नाव घ्यावं लागलं असतं. जा. आता ऊठ अन् जा."

बाबा जागे होते. डोळ्यांवर तो हिरवा चष्मा होता, त्यामुळं ते माझ्याकडं बघतायत की नाही हे कळत नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसून सांगितलं. शाळेत पोरांपुढं दिवसभर बोलणारा माणूस मी, पण वाक्य पुरं होईना. संपल्यावर ते म्हणाले, "म्हंजे पाव्हण्याला आधीच ठाऊक व्हतं."

"व्हय बाबा."

"तरीच मामानं तेच विचारलं. मी म्हणायचो, ह्याला कसं कळलं?" त्यांचा हात चादरीवर फिरत होता. "म्हंजे ती बराबर म्हणत व्हती म्हणून न्हाई पसंत पडली. आधीच पडली व्हती."

"व्हय. माझ्यामुळं."

मी वाट पाहत बसलो. मला वाटलं आता मारतील, किंवा नीघ म्हणतील. चाळिशी उलटलेला माणूस बापाच्या हातच्या चापटीसाठी गाल पुढं करून बसला होता, आणि खरं सांगतो, मला ती हवी होती. ती फक्त माझी झाली असती. बाबा पलंगावर उठून बसले, भिंतीला धरून, आणि जोरात हाक मारली, "नंदे! ए नंदे!"

ती आली. "काय काका?"

"तुझ्या घरी जागा हाय का ग? पथ्याचं खातो मी, तिखट चालत न्हाई."

नंदा दारातच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली, मग रडता रडता हसायला लागली. बाबा म्हणाले, "त्या मामानं मांडीवर ठेका कसा धरला व्हता, आठवतो का तुला?" "वा वा म्हणत व्हता!" ती म्हणाली. आई चुलीपासून विचारत होती काय झालं, काय झालं, आणि कुणी तिला सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिचा पोरगा गाडी घेऊन आला. बाबांनी पिशवी माझ्याकडून भरून घेतली. औषधं कुठली कधी ते मी नंदाला समजावून सांगितलं, तिनं ते एकदाच ऐकून बरोबर म्हणून दाखवलं. बाबा पुढं बसले नाहीत, मागं तिच्याशेजारी बसले. काच खाली करून मला म्हणाले, "आईला एकटं ठेवू नको. मी येतो आठ-पंधरा दिवसांनी." माझ्याबद्दल, त्या दुपारबद्दल, एक शब्द नाही. राग नाही, माफी नाही. गाडी वळली तेव्हा ते तिला काहीतरी सांगत होते, हात हलवून, आणि ती मान मागं टाकून हसत होती.

मी रस्त्यावर उभा होतो. चांगलं झालं असं मला वाटत होतं, आणि ते खरंच वाटत होतं. पण त्याच्याखाली दुसरंही होतं, जुनं, ओळखीचं. आईनं विचारलं, "काहून उभा हाईस?" मी म्हणालो, "काही न्हाई." तेही खोटं होतं. मी जळत होतो.